मागे गाडी बांधून घाट चढायचे-उतरायचे तर मोटरहोम कोणतं घ्यावं

मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घ्यायचं ठरलं की ओळखीपाळखीचे लोक मला फोन करतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चढावर दम तर नाही ना लागणार?" आमच्या घरात मोटरहोम मी चालवते, नवरा शेजारी बसून गाडीसोबत आलेल्या पुस्तिका वाचतो. या वाटणीमुळे मला एक गोष्ट ठामपणे सांगता येते. चढाची चिंता नंतर करा. चढावर गाडी कमी पडली तर फार तर काय होईल? उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे, धोक्याचे दिवे लावून, ताशी ३५ मैलांनी वर जाल. मागचे चारदोन लोक वैतागतील. उतारावर गाडी कमी पडली तर मात्र उजवीकडची ती वाळू-खडी भरलेली, ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी काढलेली वाट शोधायची वेळ येते. म्हणून मोटरहोम निवडताना ते किती ओढेल याच्या आधी किती थोपवेल हे विचारा. विकणाऱ्याला हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, त्यामुळे उत्तर देताना तो थोडा अडखळेल. अडखळू द्या.

मोटरहोमच्या मागे छोटी गाडी बांधून हिंडायची पद्धत मुख्यतः अमेरिका-कॅनडातली. त्यामुळे पुढची वजनं पाउंडात आहेत आणि चेसिसही (ज्या सांगाड्यावर मोटरहोम बांधतात तो) तिथल्याच.

आधी मागची गाडी, मग मोटरहोम

बरेचजण उलट क्रमाने जातात आणि मग नाकी नऊ येतात. मोटरहोम दारात उभं राहतं आणि त्यानंतर कळतं, की घरची गाडी चारही चाकांवर ओढून नेण्यासारखी नाही. कारण साधं आहे. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरताहेत, म्हणजे आतले भाग तेलाविना घासताहेत. अशी गाडी दीडदोनशे मैल ओढून नेली तर गिअरबॉक्स बदलायची वेळ येऊ शकते.

म्हणून तुमच्या गाडीच्या मालक-पुस्तिकेत 'रिक्रिएशनल टोइंग' हे प्रकरण काढा. तिथे नाही म्हटलं असेल तर नाही. शेजाऱ्याने 'मी पाच वर्षं ओढतोय, काही झालं नाही' असं सांगितलं तरी नाही. जीप रँग्लर या कामासाठी इतकी लोकप्रिय आहे त्याचं कारण तिच्या ट्रान्सफर केसला (चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीला) न्यूट्रल आहे: ते लावलं की चाकांचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो. होंडा सीआर-व्ही २०१४ पर्यंत चारही चाकांवर ओढता यायची. २०१५ मध्ये तिला सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा) गिअरबॉक्स आला आणि ती सोय गेली. एकाच नावाची गाडी, एका वर्षाचा फरक, आणि उत्तर उलटं. इलेक्ट्रिक गाड्या जवळपास सगळ्याच या यादीतून बाद, कारण चाकं फिरली की मोटर फिरते.

पुस्तिकेत परवानगी असली तरी अटी वाचा. वेगाची मर्यादा असते, काही गाड्यांत रोज सकाळी इंजिन चालू करून गिअर एका ठरावीक क्रमाने फिरवावे लागतात, काहींत एखादा फ्यूज काढावा लागतो, नाहीतर संध्याकाळपर्यंत बॅटरी बसते.

गाडी चारही चाकांवर ओढता येत नसेल तर दोन वाटा उरतात. पुढची चाकं उचलणारी डॉली, नाहीतर पूर्ण गाडी वर चढवायचा ट्रेलर. डॉली फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीला चालते. ट्रेलरवर कोणतीही गाडी नेता येते, पण तो स्वतःच दोन हजार पाउंडांच्या आसपास भरतो आणि त्याचं नाक मोटरहोमच्या शेपटीवर वजन टाकतं: एकूण भाराच्या साधारण १० ते १५ टक्के. चारही चाकांवर ओढलेल्या गाडीचा असा भार जवळजवळ पडत नाही. घाटाच्या दृष्टीने मला म्हणूनच चार चाकांवर ओढायची पद्धत आवडते. तोटा एकच: रिव्हर्स घेता येत नाही. चारपाच फूट मागे गेलात की पुढची चाकं भलतीकडे वळतात आणि टो बार, म्हणजे दोन्हींना जोडणारा दांडा, वाकतो. चुकीच्या वळणावर गेलात तर खाली उतरा, गाडी सोडवा, दोन्ही वेगवेगळ्या वळवा, पुन्हा जोडा. पाऊस असला तरी.

मागची गाडी ठरली की तिचं भरलेलं वजन लिहून ठेवा. चार दारांची रँग्लर सव्वाचार ते साडेचार हजार पाउंड धरा. आत सायकली, खुर्च्या, हत्यारांची पेटी टाकणार असाल तर तीही त्यात.

आकडे: इथेच घोडं पेंड खातं

मोटरहोमच्या चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर जीव्हीडब्ल्यूआर लिहिलेलं असतं. म्हणजे मोटरहोमचं सामान, माणसं, पाणी, इंधन धरून चालणारं कमाल वजन. दुसरा आकडा जीसीडब्ल्यूआर, म्हणजे मोटरहोम आणि मागची गाडी मिळून कमाल. हा बऱ्याचदा पट्टीवर नसतो, चेसिसच्या पुस्तिकेत शोधावा लागतो. तिसरा आकडा, म्हणजे ओढायची मर्यादा, मागच्या हिचवर (गाडी अडकवायच्या जोडावर), एका छोट्या लेबलावर. त्यासाठी गुडघ्यावर बसून टॉर्च मारावा लागतो. लेबल बहुधा चिखलाने माखलेलं असतं, चिंधी न्या.

जीसीडब्ल्यूआरमधून भरलेल्या मोटरहोमचं वजन वजा करा; तो उरलेला आकडा आणि हिचचा आकडा, यांत लहान असेल तोच खरा. हिचवर ५,००० लिहिलंय म्हणून ५,००० पाउंड ओढता येतातच असं नाही.

उदाहरण घेऊ. मर्सिडीझ स्प्रिंटर ३५०० च्या चेसिसवर बांधलेली लहान, देखणी मोटरहोम. जीव्हीडब्ल्यूआर ११,०३०, जीसीडब्ल्यूआर १५,२५०. हिच ५,००० ची. आता मोटरहोम पूर्ण भरलं, तर मागे उरले ४,२२०. साडेचार हजारांची रँग्लर बसत नाही. आणि ही मोटरहोम भरायला वेळ लागत नाही. बांधणाऱ्याने आत पलंग, शॉवर, फ्रीज, जनरेटर सगळं कोंबलेलं असतं आणि माणसं-सामानासाठी उरलेली जागा आश्चर्य वाटावं इतकी कमी असते. ती किती हे आतल्या पिवळ्या लेबलावर छापलेलं असतं. तिथला आकडा वाचताना स्वतःचं, जोडीदाराचं आणि कुत्र्याचं वजनही त्यात धरायचं आहे हे विसरू नका.

फोर्ड ई-४५० वर बांधलेली क्लास सी (व्हॅनच्या केबिनमागे खोली बांधलेली) मोटरहोम पाहा: १४,५०० आणि २२,०००. फरक ७,५०० चा. इथे रँग्लर आरामात बसते, हिचही पुष्कळदा ७,५०० चा असतो, पण काहींना ५,००० चाच लावलेला दिसतो. आता गंमत बघा, याहून मोठी, क्लास ए (बससारख्या सपाट तोंडाची) पेट्रोल मोटरहोम. व्ही-१० इंजिनच्या काळातल्या फोर्ड एफ-५३ चेसिसच्या बऱ्याच गाड्या २२,००० जीव्हीडब्ल्यूआर आणि २६,००० जीसीडब्ल्यूआरच्या. फरक फक्त ४,०००. म्हणजे मोटरहोम मोठं, रुबाबदार, आणि पूर्ण भरल्यावर मागे ओढायची ताकद लहान भावापेक्षा कमी. आकार पाहून अंदाज बांधणारे इथे फसतात.

पाण्याचाही विचार करा. एक गॅलन पाणी सव्वाआठ पाउंडांहून थोडं जास्त भरतं. १०० गॅलनची टाकी भरून घाट चढलात तर ८३० पाउंडांवर वजन उगाच वर नेलंत. जिथे मुक्कामाला नळ आहे तिथे टाकी एक-तृतीयांश भरून निघा.

उतार: सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

समजा, मोटरहोम २०,००० पाउंडांचं आणि मागची गाडी ४,५०० ची. सहा टक्क्यांचा उतार, म्हणजे दर शंभर फुटांमागे सहा फूट खाली. अमेरिकेच्या इंटरस्टेट महामार्गांवर डोंगराळ भागात असे उतार सर्रास आहेत. कोलोरॅडोत आय-७० या महामार्गावर सात टक्केही लागतात, वायोमिंगच्या टीटन पासवर दहा. सहा टक्क्यांवर हे सगळं ओझं सुमारे १,४७० पाउंडांच्या जोराने खाली ढकलतं. ताशी ३५ मैलांनी उतरत राहायचं तर साधारण १०० किलोवॅट शक्ती कुठेतरी जिरवावी लागते. थोडी हवा आणि टायर खातात. बाकीची जिरवायला दोनच जागा: इंजिन आणि ब्रेक. ब्रेकच्या चकत्यांवर सोडलीत तर खोलीतले दोन-दोन किलोवॅटचे तीसचाळीस हीटर चाकांच्या आत लावल्यासारखं आहे, आणि उतार सहासात मैलांचा असेल तर ते दहाबारा मिनिटं पेटते राहणार.

मग ब्रेक ऑइल उकळतं. डॉट-३ प्रकारचं ताजं तेल २०५ अंश सेल्सियसला उकळतं. पण हे तेल हवेतला दमटपणा शोषून घेतं आणि जुनं झालं की उकळबिंदू १४० च्या आसपास येतो. तेलात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल थेट जमिनीला टेकतं. जुनं मोटरहोम घेत असाल तर ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं हे विचारा. बहुतेकांना ते बदलायचं असतं हेच माहीत नसतं, त्यामुळे घेतल्यावर आठवड्याच्या आत बदलून टाका.

आता इंजिनाची बाजू. इथे मोटरहोममध्ये तीन प्रती पडतात.

पेट्रोल इंजिन, सोबत गिअरबॉक्सचा टो-हॉल मोड. हा मोड चालू असला आणि ब्रेकला हलका स्पर्श केला की गिअरबॉक्स आपणहून खालचा गिअर घेतो. इंजिन ४,००० च्या वर ओरडायला लागतं. कपाटातल्या कपबश्या थरथरतात, शेजारचा माणूस आर्मरेस्ट घट्ट धरून तुमच्याकडे बघतो. नवखा चालक घाबरून मोड बंद करतो, आणि तेच करायचं नसतं. ते इंजिन त्या फेऱ्यांसाठीच बनलंय. टॅकोमीटरच्या लाल पट्टीपर्यंत काटा जात नाही तोवर ओरडू द्या. पण पेट्रोल इंजिनाचा हा जोर मर्यादित असतो, सातआठ टक्क्यांच्या लांब उतारावर अधूनमधून पाय ब्रेकवर जाणारच.

दुसरी प्रत: मागे इंजिन असलेली डिझेल मोटरहोम, कमिन्स बी६.७ इंजिन, एक्झॉस्ट ब्रेक. डिझेलला मुळात थ्रॉटल नसल्यामुळे स्वतःचं असं थोपवणं कमी असतं, म्हणून धूर बाहेर जायची वाट आवळून इंजिनावर दाब आणतात. डॅशबोर्डवर एक बटण. हे बऱ्यापैकी काम करतं, खासकरून गिअरबॉक्स खालच्या गिअरला येऊन इंजिनाच्या फेऱ्या वाढल्यावर.

तिसरी: कमिन्स एल९ किंवा त्याहून मोठं इंजिन, कम्प्रेशन ब्रेक, ज्याला सगळे 'जेक' म्हणतात. हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भलत्याच वेळी उघडून दाबलेली हवा बाहेर सोडतो. म्हणजे इंजिन हवा दाबायला कष्ट घेतं आणि ते कष्ट परत मिळत नाहीत. याला दोन पायऱ्या असतात, कमी आणि जास्त. जास्तवर ठेवलं की सहा टक्क्यांच्या उतारावर पुष्कळदा ब्रेकला पाय लावावाच लागत नाही. पैसे एकाच गोष्टीवर जास्त खर्च करायचे असतील तर मी सागवानी कपाटं, दुसरा टीव्ही, शेकोटी सगळं सोडून जेक घेईन. शेकोटी तर मोटरहोममध्ये कशाला लागते हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

एक सावधगिरी: काही जुन्या मोटरहोममध्ये एक्झॉस्ट ब्रेक बंद पडलेला असतो आणि मालकालाही त्याचा पत्ता नसतो, कारण तो सपाट मुलुखात राहतो. चालवून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

चढ: इंजिन किती मोठं हवं

आधीच्याच ओझ्याचा हिशेब पुढे नेऊ. सहा टक्के चढ ताशी ५५ मैलांनी चढायचा तर केवळ वर उचलण्यासाठी सुमारे २१५ अश्वशक्ती लागते. हवा, टायर वगैरे धरून तीनशेच्या जवळ. फोर्डच्या ७.३ लिटर पेट्रोल इंजिनाची कागदावर ३५० आहे. पुरलं की, असं वाटेल. पण टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून ११,१५८ फुटांवर आहे. तिथे पोचेस्तोवर तुमच्या ३५० पैकी तिसरा हिस्सा विरळ हवेत गेला. टर्बो डिझेल ही घट बरीचशी भरून काढतं, म्हणून बी६.७ चे ३६० अश्व उंचीवर ३५० पेट्रोल अश्वांपेक्षा कितीतरी जास्त भरतात. शिवाय त्याचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ८०० पाउंड-फुटांचा, पेट्रोलचा ४६८ चा, आणि तोही फेऱ्या वाढल्यावर. एल९ चे ४५० अश्व आणि १,२५० पाउंड-फूट असले की चढ आला हे प्रवाशाला कळतही नाही. तेवढं सगळ्यांना लागत नाही.

जुनं डिझेल घेताना रेडिएटर कुठे आहे ते बघा. काही मोटरहोममध्ये तो अगदी मागे, इंजिनाच्या पाठीशी असतो. इंजिनाच्या ब्रीदर नळीतून येणारे तेलाचे तुषार त्याच्यावर बसतात, त्यावर रस्त्याची धूळ, आणि वर्षानुवर्षं हा लेप जाड होत जातो. बाहेरून काही दिसत नाही. सपाट रस्त्यावर तापमान ठीक असतं, घाटात काटा चढायला लागतो. रेडिएटर बाजूला असलेली मोटरहोम यासाठी बरी. मागे असेल तर आतल्या, इंजिनाकडच्या बाजूने टॉर्च मारून बघा. काळा चिकट थर दिसला तर साफसफाईचा खर्च किमतीतून कमी करून मागा. आणि चढताना काटा वर जाऊ लागला तर जोर लावू नका, एक गिअर खाली घ्या: फेऱ्या वाढल्या की पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही वेगात फिरतात.

मागचा लोंबता भाग

मागच्या चाकांपासून बंपरपर्यंतचं अंतर डोळ्यांनीच बघा. काही मोटरहोम बांधणारे कंपनीकडून आलेल्या चेसिसला मागे वेल्डिंग करून लांबी वाढवतात, म्हणजे आत आणखी एक पलंग बसतो. हिच मग त्या वाढवलेल्या तुकड्याला लावतात. या जोडकामामुळेही कधीकधी हिचचा आकडा चेसिसच्या क्षमतेपेक्षा कमी ठेवलेला असतो. ट्रेलर ओढणार असाल तर असं मोटरहोम मी घेणार नाही; नाकाचा भार त्या लांब शेपटीवर पडतो, मागचा अॅक्सल जास्त दबतो, पुढचा हलका होतो आणि वळणावर स्टिअरिंग पोकळ लागतं. घाटातली वळणं आणि पोकळ स्टिअरिंग, नको.

चाकांमधलं अंतर एकूण लांबीच्या निम्म्याहून बरंच जास्त असावं, ५४-५५ टक्क्यांच्या पुढे असेल तर चांगलं. टेप घेऊन मोजा, दोन मिनिटांचं काम. टो बार जोडल्यावर तो जवळपास आडवा राहिला पाहिजे. मोटरहोमचं हिच आणि मागच्या गाडीच्या पुढे टो बार अडकवायला बसवलेली पट्टी यांच्या उंचीत तीनचार इंचांपेक्षा जास्त फरक असेल तर मध्ये उंची बदलणारा जोड लागतो, आणि त्या जोडाचीही स्वतःची वजनमर्यादा असते. ती हिचपेक्षा कमी असू शकते. पुन्हा, सगळ्यात लहान आकडा.

मागच्या गाडीचे ब्रेक

साडेचार हजार पाउंडांची गाडी ब्रेकशिवाय मागे बांधली, तर उतारावर ती सतत ढकलते. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत साधारण तीन हजार पाउंडांच्या वर मागच्या वाहनाला ब्रेक लागतातच, आणि काही चेसिस बनवणारे तर त्याहून कितीतरी कमी वजनालाच लावा म्हणतात. तेव्हा कायद्यावर वाद घालत बसू नका, लावा.

पेटी प्रकार सगळ्यात सोपा: चालकाच्या पायाशी ठेवायची, तिचा हात ब्रेक पेडलला अडकवायचा. मोटरहोम थांबायला लागलं की आतला सेन्सर झटका ओळखतो आणि पेडल दाबतो. सपाटीला झकास. पण घाटात एक खोच आहे. तुम्ही जेक किंवा एक्झॉस्ट ब्रेक लावून शांतपणे उतरत असता, पेटीला वाटतं तुम्ही थांबताय, आणि ती मागच्या गाडीचे ब्रेक हलकेच दाबून धरते. मैलोन् मैल. खाली पोचल्यावर मागच्या गाडीच्या चाकांतून जळका वास येतो. काही मोटरहोममध्ये इंजिन-ब्रेक लावताच ब्रेकचे दिवे लागतात, आणि त्या दिव्यांच्या तारेवरून चालणाऱ्या पेटीची तीच गत होते. म्हणून पेटीची संवेदनशीलता कमी ठेवा, आणि पेटी चालू झाल्याचं मोटरहोमच्या डॅशबोर्डवर दिसेल असा छोटा दिवा आवर्जून बसवा. एअर ब्रेक असलेलं डिझेल मोटरहोम असेल तर हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा घ्या. तुम्ही स्वतः ब्रेक दाबला तरच मागचे लागतात, आणि जितका दाबाल तितकेच. घाटासाठी याच्याइतकं साधं दुसरं काही नाही.

लांबी आणि रस्ते

मोटरहोम ३४ फूट, टो बारसह गाडी आणखी वीसेक फूट. कोलोरॅडोतल्या इंडिपेंडन्स पासवर ३५ फूट वा त्याहून लांब वाहनांना बंदी आहे. ग्लेशियर उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या उंच भागात २१ फुटांपेक्षा लांब काही चालत नाही. मागे गाडी न्यायचं कारणच हे: मोटरहोम खाली लावायचं आणि असे रस्ते छोट्या गाडीने बघायचे. तेव्हा 'छोटं मोटरहोम घेतलं तर सगळीकडे जाता येईल' या हट्टापायी क्षमता गमावू नका. नऊदहा टक्क्यांचा घाट मध्ये आला तर गाडी सोडवून नवरा मागून वेगळी घेऊन येतो. यात कमीपणा काही नाही, त्याला तर ते आवडतं.

माझा कल विचाराल तर: वर्षातून काही आठवडे फिरणार आणि मागे चार हजारांच्या आतली गाडी, तर ई-४५० वरचं २८ ते ३० फुटी क्लास सी. महिनोन् महिने डोंगरात, मागे रँग्लर किंवा पिकअप, तर मागे इंजिनाचं डिझेल, हिच १०,००० चा, शक्य असेल तर जेकसह. स्प्रिंटरवरची मोटरहोम अरुंद वळणांवर चालवायला सुरेख, पण मागे गाडी बांधून घाटात नको, फार हलकी गाडी असेल तरच.

चालवून बघणं

विकणारा तुम्हाला चौकातून एक चक्कर मारून आणेल. नाही म्हणा. जवळचा लांब उतार शोधा आणि तिथे घेऊन चला. वर पोचल्यावर, उतार सुरू व्हायच्या आधीच, खालचा गिअर आणि इंजिन-ब्रेक लावा. उतारावर वेग ठरवा, समजा ४०. ब्रेक धरून ठेवू नका. ४० ला पोचलात की ठाम दाबा, दोनतीन सेकंदांत ३५ ला आणा, सोडा. परत ४० ला किती वेळात जातंय ते मोजा. जितका जास्त वेळ, तितकं इंजिन चांगलं थोपवतंय. मागे गाडी नसताना जर दर पाचसहा सेकंदांनी ब्रेक लागत असेल तर गाडीसकट काय होईल याचा विचार तुम्हीच करा. खाली थांबून चारी चाकांजवळ जा, वास घ्या, उष्णतेत एखादं चाक वेगळं वाटतंय का बघा. टायरच्या बाजूवरचा तारखेचा चार आकडी कोडही तिथेच वाचून घ्या: पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. नक्षी कितीही नवी दिसली तरी सातआठ वर्षांचे टायर घाटात नेऊ नका.

काट्यावर

आणि वजन. ट्रकस्टॉपवर कॅट स्केल असतो, तीन तुकड्यांचा काटा. पुढची चाकं पहिल्या तुकड्यावर, मागची दुसऱ्यावर, मागची गाडी तिसऱ्यावर, मग बटण दाबून आत सांगायचं आणि छापील तिकीट घ्यायचं. विकत घ्यायच्या मोटरहोमचं वजन विकणाऱ्याकडून असं करून घ्या, इंधनाची टाकी भरून. त्यात तुमची माणसं, पाणी, सामान यांचे पाउंड मिळवा, प्रत्येक अॅक्सलची मर्यादा दारावरच्या पट्टीशी ताडून बघा, आणि जीसीडब्ल्यूआरमधून वजा करा. उरलेल्या आकड्यात मागची गाडी सातआठशे पाउंड शिल्लक ठेवून बसली पाहिजे, कारण सामान दर वर्षी वाढतं. विकणारा काट्यावर यायला तयार नसेल, तर दुसरं मोटरहोम बघा.